हे पेन कसलं?

प्रश्न : ताई, आम्ही देवळाली कॅम्पला राहतो. यजमान वीस वर्षं सिगारेट ओढतात. भाच्याने मुंबईहून पेनासारखी विजेवरची सिगारेट आणून दिली. म्हणाला, "मामी, यात धूर नाही, अपाय नाही. मामांची सिगारेट सुटेल." परवा पंधरा वर्षांच्या मुलाच्या दप्तराला स्ट्रॉबेरीचा वास आला. पाहते तो तसलंच पेन! आता बोलू तरी कुणाला?
— एक भगिनी

उत्तर : भगिनी, आधी घटकाभर शांत बसा. भाचा म्हणतो त्यात अर्धं खरं आहे. या नळीत तंबाखू जळत नाही. बॅटरीने द्रव तापतो आणि त्याची वाफ ओढायची. म्हणून सिगारेटपेक्षा विषारी द्रव्यं कमी. मोठ्या माणसांना सिगारेट सोडताना तिचा उपयोग झाल्याचंही अभ्यासात दिसलं आहे. पण कमी अपाय म्हणजे निरुपद्रवी नव्हे. द्रवात बहुधा निकोटीन असतं, आणि चटक लावतं ते तेच. पुष्कळजण मग दोन्ही ओढत बसतात!

शिवाय आपल्याकडे २०१९ पासून ती बनवणं, विकणं, साठवणं कायद्याने गुन्हा आहे. चोरून आलेल्या मालात काय भरलंय, कोण सांगणार? त्याच वर्षी अमेरिकेत अशी वाफ ओढून फुप्फुसं बिघडलेले हजारो रुग्ण निघाले. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ दगावले. दोष मुख्यतः गांजाच्या अर्कात मिसळलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या तेलकट द्रव्याचा होता. ओढणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

तेव्हा आधी यजमानांशी बोला. बाप ओढतो म्हटल्यावर मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार? सिगारेट सोडायला निकोटीनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. डॉक्टरांना विचारून घ्यावं. सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट दूरध्वनी सेवाही आहे.

मुलावर हात उगारू नका. वाढत्या वयात निकोटीनची सवय चटकन जडते. कधीपासून ओढतोस, सकाळी उठल्याबरोबर आठवण होते का, हे मायेने विचारा. होते म्हणाला, तर त्यालाही डॉक्टरांकडे न्या.

आणि ती पेनं उघड्यावर टाकू नका. आतला द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होते. चुलीत तर मुळीच नको, बॅटरी फुटेल.

एकेकाळी छातीचे रोगी हवा पालटायला देवळालीला येत. ती हवा तुमच्या दारात आहे. यजमानांना आणि मुलाला घेऊन रोज संध्याकाळी फिरायला जा. बोलणंही तिथेच सुचेल.