खंडन कोणाच्या तोंडून?

कराची शहरात हरवलेल्या मुलांच्या शोधाचे कार्य करणाऱ्या ‘रोशनी’ नावाच्या सेवाभावी संस्थेसाठी २०१६ साली एक छोटी चित्रफीत तयार करण्यात आली. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे इसम येतात, एका मुलाला उचलून पसार होतात. क्षणभरात तेच दोघे परत येऊन मुलाला जागच्या जागी ठेवतात आणि एक फलक उलगडून दाखवितात, ज्यावर रस्त्यावरून मूल पळवायला किती थोडा अवधी पुरतो याची आईबापांना जाणीव करून देणारा मजकूर असतो. २०१८ च्या उन्हाळ्यात ही फीत भारतातल्या असंख्य मोबाईलांवरून फिरू लागली, तेव्हा तिचा उत्तरार्ध कोणा अज्ञात इसमाने छाटून टाकलेला होता. मूल परत आणून सोडण्याचा प्रसंग गेला, फलक गेला, कराचीचे नाव गेले, आणि जे उरले त्याच्याखाली निरनिराळ्या भाषांत, मुले पळविणारी टोळी आपल्याच मुलखात उतरली आहे, असा इशारा जोडण्यात आला.

त्या वर्षी मे ते जुलै या काळात असल्या इशाऱ्यांपायी आसामपासून तमिळनाडूपर्यंत निरपराध माणसे मारली गेली. त्या हकिकतींपैकी दोन शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. २८ जून रोजी त्रिपुरात, सबरूम भागातल्या एका बाजारात, जमावाने ज्या माणसाचा जीव घेतला त्याला राज्य सरकारच्या माहिती खात्यानेच ध्वनिक्षेपक देऊन गावोगाव पाठविले होते. मुले पळविणाऱ्या टोळीची बातमी खोटी आहे, तीवर विश्वास ठेवू नका, एवढे सांगत फिरणे हेच त्याचे काम होते, आणि ते करीत असतानाच तो टोळीतला ठरला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जुलैच्या रविवारी, आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला असता, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी धरले, मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले, आणि जी खोली संकटात सापडलेल्याला आसरा देण्यासाठी असावयाची त्याच खोलीत कोंडून त्यांना प्राण जाईपर्यंत बडविले.

या दोन घटनांवरून निघणारा निष्कर्ष आपण अद्याप पुरता पचविलेला नाही असे मला वाटते. असत्य पसरते याचे कारण सत्य उपलब्ध नसते, आणि म्हणून सत्य शोधून ते प्रसिद्ध केले की असत्याचा निकाल लागतो, ही समजूत सुशिक्षित समाजात फार दृढ आहे; वृत्तपत्रे, सरकारी खाती आणि स्वयंसेवी संस्था यांची सारी मदार तिच्यावरच आहे. परंतु राईनपाड्याची घटना घडली तेव्हा सत्य गैरहजर नव्हते. कराचीच्या फितीचे मूळ तपासनिसांनी त्याआधीच हुडकून काढले होते, मूळ आणि कापलेली अशा दोन्ही फिती कोणासही शेजारी लावून पाहता येत होत्या, आणि त्रिपुरात तर सत्य स्वतःच्या पायांनी, ध्वनिक्षेपक घेऊन, बाजारापर्यंत चालत आले होते. त्या बिचाऱ्याजवळ सरकारचा हुकूम होता, खरी माहिती होती. नव्हती ती एकच गोष्ट, त्या बाजारातली ओळख.

अफवा ही ओळखीच्या सावकाराच्या सहीवर वटणारी हुंडी आहे. मजकूर कोणी लिहिला हे कोणी विचारीत नाही. तो मावसभावाने पाठविला, भावकीच्या गटावर आला, मुलांच्या शाळेच्या गटावर एका जबाबदार बाईंनी टाकला, एवढ्यावर त्याची पत उभी राहते. खंडन मात्र परक्या सहीने येते, बहुधा परक्या भाषेत येते, आणि ज्या गटावर अफवा आली त्या गटावर ते सहसा येतच नाही. कारण अफवा पुढे ढकलण्यात काळजीवाहूपणाचे पुण्य पदरी पडते, तर खंडन टाकण्यात वडीलधाऱ्याला चारचौघांत खोटे पाडल्याचा दोष लागतो. काकांनी पाठविलेला मजकूर खोटा आहे हे पुतण्याला ठाऊक असते आणि तो गप्प बसतो. आपल्याकडची कितीतरी असत्ये केवळ या भिडेवर जगतात.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती अधिक बोचणारी आहे. अफवा माणूस निवडते तो आधीच तयार असलेल्या संशयातून. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो कायदा रद्द झाला, पण पाल ठोकून राहणारा, आज इथे तर उद्या तिथे दिसणारा, ज्याचा गावात जामीन राहणारा कोणी नाही असा माणूस पाहिला की प्रथम संशय घ्यावयाचा, ही सवय दप्तरातून गेली तरी मनातून गेली नाही. म्हणून फितीचे खंडन पोहोचले असते तरी ते पाच जण वाचलेच असते असे छातीठोकपणे म्हणवत नाही. ‘फीत कराचीची असेल, पण ही माणसे कोण?’ हा प्रश्न उरलाच असता, आणि त्याचे उत्तर जगातल्या कोणत्याही तपासनिसाच्या संगणकात सापडत नाही. ते उत्तर देऊ शकणारा माणूस गावातच असावा लागतो.

हे सारे मोबाईलाने नव्याने आणले अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी मुंबईच्या १८९६ सालाकडे पाहावे. त्या पावसाळ्याच्या अखेरीस शहरात प्लेग आला, आणि त्याच्या मागोमाग अशी वदंता उठली की, आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेल्या माणसाला बरे करण्याऐवजी उलटे टांगून त्याच्या अंगातला मोमियाई नावाचा अर्क काढून घेतात. ऑक्टोबराच्या अखेरीस गिरण्यांतले सुमारे हजार मजूर त्या रुग्णालयावर चालून गेले. पुढे १८९७ च्या मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, घरोघर झडत्या झाल्या, जाहीरनामे लागले. त्यांपैकी कशाने मोमियाईची भीती गेली असे दिसत नाही. ती थोडीफार ओसरली ती निराळ्या कारणाने. निरनिराळ्या ज्ञातींना व समाजांना आपापली रुग्णालये उघडण्यास सरकारने मुभा दिली, आणि तेथे दारात आपल्याच आळीतला माणूस उभा आहे, शुश्रूषेला आपल्याच समाजातले हात आहेत, हे पाहिल्यावर लोक आपले रोगी आणू लागले. ज्ञातवार रुग्णालये ही काही आज अनुकरणीय गोष्ट नव्हे. परंतु जे काम सरकारी लष्करी शिस्तीला साधले नाही ते परिचयाला साधले, ही नोंद विसरण्याजोगी नाही.

आणखी जवळचे उदाहरण २१ सप्टेंबर १९९५ चे. त्या दिवशी गणपती दूध पितो ही बातमी टेलिफोनवरून एका दिवसात देशभर व परदेशांतही पोहोचली, देवळांपुढे रांगा लागल्या. त्या वेळी केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनी जे केले ते मला आजही आदर्शवत् वाटते: त्यांनी दुधात रंग मिसळला, चमचा मूर्तीला लावला, आणि पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढले गेलेले दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली कसे उतरते ते सर्वांना डोळ्यांनी पाहू दिले. महाराष्ट्रात तर चमत्कारामागची करणी चारचौघांत उलगडून दाखविण्याची रीत अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने आधीच रुळविली होती. असा प्रयोग ज्याला हवा त्याला घरच्या गणपतीपुढे करून पाहता येतो, आणि ज्याने तो स्वतः केला त्याला सरकारवर किंवा शास्त्रज्ञावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही. याउलट २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो या आवईने आपल्या कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले, तेव्हा खात्याची पत्रके निघाली आणि हैदराबादेत तर तेलंगणाच्या मंत्र्यांनी जाहीर व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखविली. मंत्र्यांच्या भुकेविषयी अर्थात कोणालाच शंका नव्हती.

आजच्या व्यावसायिक तपासनिसांच्या श्रमांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मुंबईची ‘बूम’ किंवा २०१७ साली सुरू झालेली ‘ऑल्ट न्यूज’ यांसारख्या संस्था ज्या चिकाटीने काम करतात ती जुन्या बखरींची रुजुवात घेणाऱ्या संशोधकाला शोभावी अशी आहे: फितीतली निवडक चित्रे वेगळी काढावयाची, ती पूर्वी कोठे प्रसिद्ध झाली ते उलट्या शोधाने पाहावयाचे, पाट्यांवरची लिपी, गाड्यांचे क्रमांक, पोलिसांचे गणवेश न्याहाळावयाचे, आणि शेवटी त्या ठिकाणच्या ठाण्याला विचारून खातरजमा करावयाची. पण हे काम निकालाच्या स्वरूपात वाचकापुढे येते. रीत हाती येत नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश कुलूपबंद असल्यामुळे अफवा कोठे उठली, कोणाकोणापर्यंत गेली, हे तपासनिसाला कळण्याचा मार्ग नसतो. ती कोणीतरी आणून दाखविली तरच त्याला दिसते, आणि तोवर बाजार उठून गेलेला असतो. त्या कंपनीने राईनपाड्यानंतर त्याच जुलैत, पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण उमटविली व एका वेळी पाचच ठिकाणी तो पाठविता येईल असा निर्बंध भारतात घातला. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळ फिरलेल्या संदेशाला एकाच ठिकाणाची मर्यादा लागली, आणि त्यामुळे अशा संदेशांचा प्रवास सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. हा उपाय कोणास काही समजावीत नाही, केवळ हात मंदावतो. तरीही तो उपयोगी पडला असावा, हे मी मान्य करतो.

मग सरकारनेच सत्यासत्याचा निवाडा का करू नये, असे विचारणारे भेटतात. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून नेमके हेच योजिले होते: केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेल्या पथकाने ठरवावयाचे. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेले, जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली, आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. निकाल योग्यच झाला. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच माणसाने होऊ नये, हे समजायला घटनेचा व्यासंग लागत नाही. सरकारने साक्ष जरूर द्यावी. ‘आमच्या दप्तरी असा हुकूम नाही’ हे त्याने तत्परतेने व कागदानिशी सांगावे. त्यापुढचा निवाडा लोकांवर आणि न्यायासनावर सोडावा.

सरकारकडून अपेक्षा करावयाची ती निराळीच, आणि तिला न्यायालयाची संमती आधीपासून आहे. १७ जुलै २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्यानंतर पंधरवड्याने, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांविषयी निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी या कामी जबाबदार म्हणून नेमण्यास फर्माविले. पण जिल्ह्याचा अधिकारी बाजाराच्या गर्दीत नसतो. तेथे असतात पोलीस पाटील, कोतवाल, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, शाळेतले गुरुजी. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखालचा पोलीस पाटील त्याच गावचा रहिवासी असतो, त्याचा शब्द कोणाला नवखा वाटत नाही. भिक्षेकरी, फिरस्ते व्यापारी, मेंढपाळ गावाच्या शिवेवर उतरले की त्यांची नोंद घेऊन ‘ही माणसे माझ्या माहितीतली आहेत’ असे चावडीवर सांगण्याचे काम त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून होणार? ही नोंद पाळत ठेवण्यासाठी नव्हे, जामीन राहण्यासाठी आहे, हे मात्र तालुक्याने त्याला बजावून सांगितले पाहिजे. नाहीतर १८७१ चा कायदा मागल्या दाराने परत येईल.

वृत्तपत्रांनीही आपल्या पदरचा दोष झाकू नये. खळबळीची बातमी पहिल्या पानावर आणि तिचे खंडन आतल्या पानाच्या कोपऱ्यात, हा आमचा जुना शिरस्ता आहे, आणि तो बदलल्याखेरीज मोबाईलला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आता वाचकांना एक विनंती. तुमच्या गावी १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला ग्रामसभा भरेल तेव्हा हा विषय कामकाजात घ्यावयास लावा. संशयास्पद संदेश आला तर तो कोणाला दाखवावयाचा, अनोळखी माणूस गावात आला तर विचारपूस कोणी करावयाची, आणि जमाव जमू लागला तर ग्रामपंचायतीच्या दारात कोणी उभे राहावयाचे, या तीन कामांसाठी माणसे नावानिशी ठरवा, ठराव लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत तालुक्याच्या पोलीस ठाण्यात पोचती करून पोच घ्या.