फाळक्यांचे नाशिक आणि नाशिकचे फाळके

(द्वितीय वर्ष, कला)

कलेसाठी गाव सोडावेच लागते, असा समज आपल्या मनात घट्ट बसला आहे. नट व्हायचे तर मुंबई, लेखक व्हायचे तर पुणे. गाव फक्त सुट्टीत जाण्यापुरते! आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाने हा समज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खोटा ठरविला. त्याचे नाव आपल्याला पाठ आहे. त्याने केले काय, हे मात्र आपण विसरलो आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट व बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडनला गेले, परत येऊन दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि गाजला. कोणीही व्यवहारी माणूस यानंतर मुंबईतच पाय रोवून बसला असता. फाळके मात्र आपला कारखाना घेऊन नाशिकला आले! ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ हे नाशिकचे चित्रपट. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, तीही नाशिकलाच. पुढच्याच वर्षीच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली.

हे केवळ जन्मभूमीचे प्रेम होते काय? मला तसे वाटत नाही. त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले. पुराणकथांना नदी, घाट, देवळे, डोंगर हवेत. ते सारे येथे हाताशी होते. फाळक्यांनी आपल्या मुलखाकडे कारागिराच्या नजरेने पाहिले.

इटलीचा विख्यात दिग्दर्शक फेडेरिको फेलिनी हा रिमिनी या समुद्रकाठच्या गावचा. त्या गावाच्या आठवणींवर त्याने १९७३ साली ‘अमारकोर्ड’ काढला; परंतु चित्रीकरणासाठी गाव उभारले रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत. फेलिनीने गाव मनात साठवून शहरात नेले. फाळक्यांनी शहरातला धंदा गावाकडे आणला. दोन्ही नाती खरी. पण दुसऱ्या नात्यात गावातल्या माणसांच्या हातांना नवी विद्या मिळते, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, “नाशिकने त्यांना काय दिले?” प्रश्न रास्त आहे. त्यांचा ‘गंगावतरण’ हा बोलपट १९३७ साली कोल्हापूरच्या कंपनीसाठी झाला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. पुढे १९६९ पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू झाला, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक झाले. तेथे सहलीला आपण जातो. पण त्यांचा एक तरी चित्रपट आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शेजारीपाजारी विचारतात, “बी. ए. झाल्यावर कुठे जाणार?” काय करणार, हे कोणी विचारत नाही! जणू शिकलेल्या माणसाने निघून जाणे ठरलेलेच. ओझरात विमाने बांधली जातात, मग येथे नाटक, चित्रपट, पुस्तक का घडू नये? शिकण्यासाठी जरूर बाहेर जावे. परंतु शिकलेले घेऊन परतही येता येते, हे फाळक्यांनी दाखवून दिले आहे.

म्हणून एक सूचना करते. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग व ‘कालिया मर्दन’ आजही उपलब्ध आहेत. दरवर्षी १६ फेब्रुवारीला कॉलेजच्या सभागृहात ते दाखवावेत. मूकपट आहेत, पडद्यावरच्या पाट्या विद्यार्थ्यांनीच मोठ्याने वाचाव्यात, आणि त्या दिवशी आसपासच्या शाळांतील मुलांनाही बोलवावे. पुतळ्याला हार घालण्यापेक्षा याला खर्चही कमीच येईल.