काळी पडलेली केळी आणि वजनाचा काटा



काही महिन्यांपूर्वी एक कन्या आपल्या ७८ वर्षांच्या आईला घेऊन दवाखान्यात आली. आजींना अनेक वर्षांचा मधुमेह. साखरेचे अहवाल मात्र उत्तम. काट्यावर उभे केले, तेव्हा सहा महिन्यांत ५ किलो वजन घटल्याचे दिसले. आवश्यक त्या तपासण्या केल्या. दुसरे कारण सापडले नाही. ‘दिवसभरात काय खाता?’ असे विचारताच कन्येने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. माझ्याच हस्ताक्षरातील ती ‘बंद’ पदार्थांची यादी होती : केळी, भात, बटाटा, शेंगदाणे, तूप. आजींनी ती इतक्या निष्ठेने पाळली होती, की त्यांची खाण्यावरची वासनाच उडाली होती. चूक माझी होती आणि ती मी दोघींसमोर मान्य केली.

उतारवयात नकळत घटणारे वजन साखरेइतकेच गंभीर मानावे. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, तोल जातो, आणि एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

‘घरात पिकून काळी पडलेली केळी टाकून देते, त्यांचा ब्रेड करून आईला दिला तर?’ कन्येने भीतभीत विचारले. मी होकार दिला, तो पुढील प्रमाणासह.

पूर्ण पिकलेली ३ केळी (सोलून सुमारे ३०० ग्रॅम) कुस्करावीत. त्यांत १०० ग्रॅम दही, ६० मिलिलिटर तेल व ७० ग्रॅम चिरलेला गूळ एकजीव करावा. २०० ग्रॅम कणकेत पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा व वेलदोड्याची पूड मिसळून चाळावी. दोन्ही मिश्रणे हलक्या हाताने एकत्र करून ५० ग्रॅम अक्रोडाची भरड घालावी. दह्यातील आम्लामुळे सोड्यातून वायू लगेच सुटू लागतो. त्यामुळे मिश्रण ठेवून न देता तेल लावलेल्या भांड्यात ओतावे आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला सुमारे ५० मिनिटे भाजावे. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली, की झाले. पूर्ण निवाल्यावर १० काप करावेत.

आता हिशेब. केळे पिकते तसे त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते, म्हणून गूळ कमी पुरतो. गूळही रक्तातील साखर वाढवतोच. त्यास औषध समजू नये. एका कापात साधारण २०० कॅलरी आणि दोन लहान फुलक्यांइतकी कर्बोदके असतात. म्हणून मधुमेहींनी एकच काप घ्यावा आणि तो बिस्किटांच्या किंवा पोळीच्या ऐवजी. त्यांच्या जोडीला नव्हे. पहिल्या वेळी दोन तासांनी साखर तपासून पाहावी.

काळजीवाहकांनी आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, अथवा रक्तातील पोटॅशियम वाढवणारी औषधे चालू असल्यास, केळी व सुकामेवा डॉक्टरांना विचारूनच द्यावा. सोड्यात सोडियम भरपूर असते. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास तो अंदाजाने ओतू नये, वर मीठही घालू नये. कवळी असल्यास अक्रोड बारीकच दळावेत. पक्षाघातानंतर अथवा अन्य कारणाने गिळताना ठसका लागत असेल, तर असा भुसभुशीत, कण सुटणारा पदार्थ देऊच नये. इतरांनाही ताठ बसवून, लहान घास करून द्यावा. खवट वास येणारे अक्रोड टाकून द्यावेत आणि उरलेला ब्रेड डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा.

दोन महिन्यांनी आजी पुन्हा आल्या. वजन दीड किलोने वाढले होते, साखर किंचित वर, पण त्यांच्या वयाला चालण्याजोगी. हे केवळ केळ्याच्या ब्रेडने झाले नाही; भात, दही, डाळ, तूप हे सारे बेताने ताटात परतले होते. ‘केळी मीच कुस्करते,’ त्या अभिमानाने म्हणाल्या.

आपल्या घरातील ज्येष्ठांचे वजन दरमहा एकाच काट्यावर करून वहीत लिहा. पथ्याची जुनी यादी भिंतीवर असेल, तर ती पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. पथ्यही वेळोवेळी तपासावे लागते.