एसीचं बटण कुणाच्या हातात?



हल्ली नवीन एसी घेतला की त्याच्यासोबत एक ॲप येतं. मोबाइल नंबर टाका, खातं उघडा, परवानग्या द्या, मग बाहेरूनही एसी चालू-बंद करता येतो. सोय चांगलीच आहे. पण ही सोय चालते कशी, हे आपण फारसं विचारत नाही. बहुतेक अशा ॲपमध्ये आपण बटण दाबलं की संदेश आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत आपल्याच घरातल्या एसीकडे येतो. म्हणजे भिंतीवरचा एसी चार हातांवर, पण त्याला दिलेला निरोप लांबचा प्रवास करून येणार! इंटरनेट बंद पडलं तर ॲप बंद. कंपनीने उद्या ती सेवाच थांबवली तरी ॲप बंद. शिवाय आपण किती वाजता घरी येतो, किती वाजता झोपतो, घर कधी रिकामं असतं, याची नोंद दुसऱ्याच्या वहीत होत राहते.

याला एक पर्याय आहे आणि तो पालक-शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असं माझं मत आहे. त्याचं नाव ‘होम असिस्टंट’. पॉलस स्खाउट्सन यांनी २०१३ मध्ये हे सॉफ्टवेअर सुरू केलं. ते पायथन भाषेत लिहिलेलं आहे आणि मुक्त-स्रोत आहे. मुक्त-स्रोत म्हणजे काय? आपण गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं तर पूर्ण गुण देत नाही, पायऱ्या दाखव म्हणतो. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आपल्या सगळ्या पायऱ्या दाखवतं. कुणीही वाचावं, चूक काढावी, सुधारावं. जगभरातल्या हजारो लोकांनी यात हातभार लावला आहे, आणि २०२४ पासून ‘ओपन होम फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था हे काम सांभाळते.

हे सॉफ्टवेअर घरातल्याच एखाद्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या हातभर नव्हे, तळहाताएवढ्या संगणकावर चालतं. एसी ‘स्मार्ट’ असलाच पाहिजे असंही नाही. साध्या रिमोटच्या एसीसाठी काहीशे रुपयांचा ईएसपी३२ बोर्ड आणि एक इन्फ्रारेड एलईडी पुरतो. तो बोर्ड रिमोटची नक्कल करतो. एसीला वाटतं, रिमोटच दाबला!

इथे विज्ञानाचा छान पाठ दडलेला आहे. रिमोटचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर जांभळट चमकताना दिसतो. हा इन्फ्रारेड प्रकाश सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांत संदेश असतो. टीव्हीचा रिमोट ‘आवाज वाढव’ एवढंच सांगतो. एसीचा रिमोट मात्र सहसा प्रत्येक वेळी सगळंच सांगतो: चालू राहा, २६ अंश, पंखा मध्यम. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी एसी नाही, कूलर आहे. पण टीव्हीचा रिमोट असतोच, त्यामुळे हा प्रयोग कोणत्याही शाळेत होतो.

भाषेचा पाठही यातच आहे. होम असिस्टंटमधला प्रत्येक नियम म्हणजे आपलं संकेतार्थी वाक्य: जर असं असेल, तर तसं कर. चौथीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं, “जर खोलीत १५ मिनिटं कोणी हललं नाही, तर एसी बंद कर.” एका मुलीने लगेच विचारलं, “बाई, आजी झोपली असेल तर? झोपलेलं माणूस कुठे हलतं?” मग वर्गाने मिळून वाक्यात भर घातली: “आणि जर रात्रीची वेळ नसेल.” दुसरा म्हणाला, “आजी दुपारीपण झोपते!” कोडिंगचे महागडे क्लास ज्याला तर्कशुद्ध विचार म्हणतात, तो हाच. त्याला खडू-फळा पुरतो.

आता गणित. एसी तासाला १ युनिट वीज घेतो असं धरू. रिकाम्या खोलीत रोज २ तास चालणारा एसी नियमाने बंद झाला, तर ३० दिवसांत ६० युनिट वाचतील. आपल्याकडे वीजबिल टप्प्यांत असतं, वापर वाढला की पुढच्या टप्प्याचा दर जास्त. म्हणून हे ६० युनिट सगळ्यात महाग टप्प्यातले असतात. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे एसीचं तापमान १ अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात स्टार लेबलचे खोलीचे एसी २४ अंशांवर सुरू होतील असेच बनवायचे, असा नियमही आहे. पहाटे ३ वाजता आपोआप २७ अंश करणारा एक साधा नियम घरात लावता येतो. झोपमोड नाही, रिमोट शोधणं नाही.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, उठून बटण दाबा की! अगदी बरोबर आहे. ज्यांना जमतं त्यांनी तेच करावं. प्रश्न आळसाचा नाही, मालकीचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये हायर कंपनीच्या युरोपातील शाखेने एका स्वयंसेवकाला नोटीस पाठवली. त्याने हायरची उपकरणं होम असिस्टंटला जोडणारा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना मोफत दिला होता, तो काढून टाक म्हणून. लोकांनी त्या प्रोग्रॅमच्या भराभर प्रती करून ठेवल्या, नाराजी व्यक्त केली. शेवटी कंपनीने नमतं घेऊन बोलणी केली. पैसे मोजून आणलेल्या वस्तूशी आपण कसं बोलायचं, हे विकणाऱ्याने ठरवायचं का? आज एसी आहे, उद्या फ्रिज, वॉशिंग मशीन, दाराचं कुलूप असेल. आपल्या मुलांना हा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त वेळा पडणार आहे.

मात्र काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. नकली रिमोट एकतर्फी असतो. कुणी हातातल्या रिमोटने एसी बंद केला तर सॉफ्टवेअरला ते कळत नाही, म्हणून सोबत तापमानाचा सेन्सर ठेवावा. स्वस्त स्मार्ट प्लगने एसीची वीज तोडू नये. त्या प्लगला एवढा भार झेपेलच असं नाही आणि चालू कॉम्प्रेसरलाही ते बरं नाही. २३० व्होल्टच्या वायरिंगला मुलांनी हात लावायचा नाही. पासवर्ड भक्कम ठेवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हातातला रिमोट जागेवरच राहू द्या. घरात कितीही नियम लावले तरी आजीला थंडी वाजली तर तिला कुणाला न विचारता एसी बंद करता आला पाहिजे. ज्या घरात एकालाच सगळं चालवता येतं, तिथे फक्त मालक बदलला, कंपनीच्या जागी घरातला एक हुशार माणूस आला. नियम सगळ्यांनी बसून ठरवावेत, ते कागदावर साध्या मराठीत लिहून भिंतीला लावावेत.

पालकहो, पुढच्या वेळी एखादी ‘स्मार्ट’ वस्तू घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: इंटरनेट नसताना ही चालेल का? आणि तो प्रश्न मुलांनाच विचारू द्या.