टीव्हीची केबल : दाम कशाचा द्यायचा?

टीव्हीच्या दुकानांत एक रीत पडून गेली आहे. गिऱ्हाईक बारा-पंधरा हजारांचा टीव्ही पसंत करते, घासाघीस करून पाचशे रुपये कमी करून घेते आणि खुशीने पैसे काढते. तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "चाचा, सोबत ही सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल घ्या, पिक्चरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडेल." केबलचा भाव दोन हजार. म्हणजे वाचवलेले पाचशे गेलेच, वर दीड हजार आणखी गेले. आमचे स्पष्ट मत असे की, हा व्यवहार खोटा आहे. बॉक्स टीव्हीखालीच ठेवलेला असेल तर दीड-दोन मीटरची, नीट बनवलेली, दोनशे-तीनशेची केबल जे चित्र दाखवते तेच चित्र दोन हजारांची दाखवते. रंग तोच, धारही तीच.

आमच्या वाचकांत या सौद्याच्या दोन्ही बाजूंचे लोक आहेत. मागावर बारा तास उभे राहून, हप्त्याने टीव्ही घेणारे आहेत, आणि टीव्ही-मोबाइलची दुकाने, केबलची जोडणी, दुरुस्ती यांवर ज्यांचे घर चालते असेही पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय थोडा तपशिलाने मांडणे आम्हाला जरूर वाटते.

एचडीएमआयचे तंत्र आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. रंगाऱ्याला माल रंगवायला द्यायचा तर शेड कळवण्याचे दोन मार्ग असतात. एक, कापडाची चिंधी नमुना म्हणून पाठवणे. चिंधी वाटेत मळते, उन्हात उडते, आणि रंगारी त्या उडालेल्या रंगाबरहुकूम माल काढतो. दुसरा मार्ग, शेडकार्डाचा नंबर कळवणे. ४१२ म्हटले की ४१२. हा नंबर साध्या चिठ्ठीवर लिहा की गुळगुळीत महाग कागदावर, नंबर वाचता आला म्हणजे शेड तीच निघणार. जुन्या वायरी चिंधी पाठवीत. एचडीएमआय नंबर पाठवते. म्हणून ही केबल खराब असली तर चित्र फिके किंवा धूसर होत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र अडखळते, आवाज तुटतो किंवा पडदा मध्येच काळा होतो. असे काही होत नसेल तर तुमची केबल आपले काम पुरे करीत आहे, आणि पुऱ्या कामापेक्षा जास्त काम कोणतीही केबल करीत नाही.

मग केबलने काहीच फरक पडत नाही काय? पडतो, आणि मोठा पडतो. पण तो किमतीचा नव्हे, जातीचा. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड खेळांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले, तेव्हा चित्र, रंग आणि आवाज सगळे एकाच अँटेनाच्या वायरीतून येई. पुढे व्हीसीआर आणि मग सीडीचे प्लेअर आले, त्यांच्याबरोबर पिवळ्या, लाल, पांढऱ्या टोकांच्या तीन वायरी घरोघर पोहोचल्या. लाल-पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. या पिवळीने जितकी वर्षे राज्य केले तितके दुसऱ्या कोणी केले नाही, आणि चित्राचे नुकसानही तिनेच सर्वांत जास्त केले.

कापडवाल्याला हे नुकसान चटकन दिसते. बारीक रेघांचे शर्टिंग किंवा बारीक चौकड्याची लुंगी घातलेला माणूस पडद्यावर आला की त्याच्या कपड्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग सळसळू लागत. कापड तर पांढरे-काळे, मग हे हिरवे-जांभळे कोठून आले? कारण असे की, पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र गुंडाळून पाठवतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत रंग सेकंदाला सुमारे ४४ लाख ३३ हजार कंपनांच्या लहरीवर स्वार असतो. कापडाच्या अगदी बारीक रेघा पडद्यावर उमटताना उजेडाची कंपनेही तेवढीच होऊ लागतात. बिचारा टीव्ही फसतो, त्या रेघांनाच रंग समजतो आणि नसलेला रंग भरतो. बातम्या देणाऱ्यांना बारीक रेघांचे कपडे घालू नका, असे सांगत ते यामुळेच. उलट बाजूने गडद लाल शालूचा रंग काठ सोडून शेजारी सांडतो आणि रंगाच्या कडेला मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात. जरीचे बारीक काम तर पिवळ्या वायरीतून कधी नीट दिसलेच नाही.

याच्यावरचा इलाज म्हणजे उजेड आणि रंग वेगळे पाठवणे. एस-व्हिडिओच्या गोल, चार पिनांच्या जोडणीत तेच केले होते, पण ती आमच्या घरांत फारशी आलीच नाही. डीव्हीडी प्लेअरच्या मागे हिरवी, निळी, लाल अशी तीन भोके येऊ लागली, ती कंपोनंट. तिच्यात उजेड एका वायरीत आणि रंगाचे दोन हिस्से दोन वायरींत. चित्र पिवळीपेक्षा कितीतरी स्वच्छ. ज्यांच्याकडे जुना टीव्ही आणि डीव्हीडी दोन्ही धडधाकट आहेत त्यांनी ही जोडणी जरूर करून पाहावी. त्यासाठी वेगळी महाग वायर लागतेच असे नाही. मीटर-दीड मीटरपुरत्या त्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन वायरी चालतात. टोकाचा रंग ही फक्त ओळख आहे, हिरव्यातून निघालेली हिरव्यात गेली म्हणजे झाले. पिवळी वायर चुकून हिरव्या भोकात गेली तर मात्र बहुधा चित्र काळे-पांढरे दिसते, आणि त्या एवढ्याशा कारणासाठी लोक टीव्ही दुरुस्तीला नेतात!

आता खरा पैसा कोठे वाया जातो ते पाहा. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर जुनी अ‍ॅनालॉग केबल बंद झाली आणि सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला. बाकीच्या शहरांत आणि गावांत तेच टप्प्याटप्प्याने झाले. बॉक्समध्ये चित्र आकड्यांच्या रूपात येते, उजेड आणि रंग आधीच वेगळे असतात. त्याच बॉक्सच्या पिवळ्या भोकातून चित्र बाहेर काढले की ते पुन्हा एकत्र कालवले जातात. हे म्हणजे सूत शेडवार निवडून, मग सगळ्या लडी एका पोत्यात कोंबून गिऱ्हाइकाला 'तुमचे तुम्ही निवडून घ्या' म्हणण्यासारखे झाले. त्यातही पाल पद्धतीच्या पिवळ्या वायरीत दिसणाऱ्या ओळी ५७६, त्यापलीकडे ती जात नाही. एचडी वाहिनीच्या ओळी १०८०. किती तरी घरांत बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, वाहिन्यांचे पैसे दरमहा एचडीचे, आणि मधली वायर जुन्या टीव्हीची राहिलेली पिवळी! जोडणाऱ्याने घाईत हाताला लागली ती लावून दिली. अशा घरात दोनशे रुपयांची एचडीएमआय केबल चित्राचा कायापालट करते. आधीच एचडीएमआय असलेल्या घरात दोन हजारांची केबल काहीच करीत नाही. आणि वाहिनीच साधी असेल तर सोन्याच्या वायरीनेही ती एचडी होत नाही.

जास्त पैसे देण्याजोगे प्रसंग थोडे आहेत, पण आहेत. बॉक्स एका खोलीत आणि टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल, दहा-पंधरा मीटर वायर ओढायची असेल, तर सर्वांत स्वस्त माल घेऊ नये. फोर-के टीव्हीवर फोर-के चित्र सेकंदाला साठ फ्रेमने न्यायचे तर सेकंदाला १८ गिगाबिटचा भार पेलणारी केबल हवी. तिला 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणतात. नव्या गेम यंत्रांसाठी ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' असते. या दोन्हींच्या पाकिटावर मोबाइलने तपासता येणारे लेबल असते. ते तपासावे, बाकी पाकिटावरची 'एटके', 'थ्रीडी', 'गोल्ड' ही अक्षरे वाचूच नयेत. मुलाम्याबद्दल इतकेच की सोन्याला गंज चढत नाही, कोकणच्या दमट हवेत त्याचा थोडा उपयोग आहे, पण तो मुलामा स्वस्त केबललाही असतो आणि रंगाशी त्याचा संबंध नाही.

दुकानात दोन टीव्ही शेजारी लावून केबलचा फरक दाखवतात. तेथे गिऱ्हाइकाने फक्त एवढे म्हणावे, "दोन्ही केबली अदलाबदल करून दाखवा." चांगले चित्र केबलबरोबर दुसऱ्या टीव्हीवर गेले तर खुशाल पैसे द्या. बहुतेक वेळा ते जागच्या जागीच राहते, कारण फरक सेटिंगचा असतो. दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून टीव्ही 'व्हिविड'वर ठेवलेला असतो. घरी तो 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड'वर आणला की चेहऱ्याचा केशरीपणा जातो. फोर-के टीव्हीत त्या एचडीएमआय भोकाची 'एन्हान्स्ड' सेटिंग पुष्कळदा बंदच असते. ती चालू करायला एक पैसा लागत नाही.

आमचे टीव्हीवाले व्यापारी बांधव म्हणतील की टीव्हीत काय सुटते, कमाई तर केबलमध्येच आहे. हे आम्ही समजू शकतो. साडीवर कमी आणि फॉल-अस्तरावर जास्त, हे गणित आम्हालाही नवीन नाही. पण फॉल लावला की साडी खरोखर चांगली पडते. येथे मालात नसलेला गुण सांगून दाम घेतला जातो. कमाईच करायची तर जोडणीची करावी. गिऱ्हाइकाच्या घरी माणूस पाठवावा, पिवळी काढून साधी एचडीएमआय लावावी, बॉक्सचे सेटिंग १०८० वर आणावे, टीव्हीचे चित्र नीट करून द्यावे आणि या अर्ध्या तासाचे शे-दोनशे रुपये मजुरी म्हणून उघडपणे बिलात लिहावेत.