फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, तेव्हा लक्ष्मीपूजन आठवड्यावर आले होते. घरगुती ग्राहकांसाठी मुदतवाढ आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. मग जुन्या संगणकाचा मालक एक तर लिनक्स टाकून घेतो, नाही तर नवे यंत्र घेऊन त्यात जुनी डिस्क जोडतो. तक्रार दोन्हीकडे तीच येते: ‘सी’ सुरू झाला, ‘डी’ दिसत नाही.

पुण्यात ही तक्रार किरकोळ मानता येणार नाही. मराठी डीटीपीची दोन मोठी साधने, सी-डॅकचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, याच शहरातली. युनिकोड रुळण्याआधीची कितीतरी पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका त्या फॉन्टांत आणि पेजमेकरच्या फायलींत जुळवली गेली. पेठांतल्या छोट्या अक्षरजुळणीकाराकडे असे काम दुसऱ्या हार्ड डिस्कवर पडून असते, आणि पुष्कळदा त्याची आणखी प्रत कुठेच नसते.

ती डिस्क दिसेनाशी झाली म्हणजे मेली, असे समजण्याची घाई होते. बहुतेक वेळा ती धडधाकट असते. आधी बायॉसमध्ये तिचे नाव दिसते का ते पाहावे. नसेल तर केबल, वीजजोड, पोर्ट तपासावे. असेल तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जावे. कधी नुसते ड्राइव्हचे अक्षर द्यायचे राहिलेले असते. कधी डिस्क ‘ऑफलाइन’ असते, ती ऑनलाइन करायची. ‘फॉरेन’ लिहिलेले दिसले, तर ती जुन्या यंत्रातली डायनॅमिक डिस्क असते. ती इम्पोर्ट करता येते. बिटलॉकर लागलेला असेल, तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की हवीच. ती जुना संगणक मोडीत काढण्याआधी शोधून ठेवावी.

लिनक्सकडे जाणाऱ्यांना वेगळीच अडचण येते. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही यंत्रणा अर्धवट झोपेत राहते आणि लिनक्स त्या एनटीएफएस पार्टिशनवर लिहायला नकार देतो. पुन्हा विंडोजमध्ये जाऊन ते बंद केले आणि यंत्र पूर्ण शटडाउन केले की काम होते. उलट, लिनक्सचे ईएक्सटी४ पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही. तिथे ते कोणाचे याचा पत्ता न देता नुसते ‘प्रायमरी पार्टिशन’ म्हणून उभे असते, आणि अनोळखी म्हणून उडवले जाते.

खरा राग येतो तो पडद्यावर उगवणाऱ्या चौकटींचा. वाचता न आलेल्या ड्राइव्हला विंडोज ‘आधी फॉरमॅट करा’ म्हणते. पार्टिशनची नोंद बिघडली असेल, तर डिस्क ‘इनिशियलाइझ’ करायला सांगते. हे दुसरे बटण दाबले की नवी नोंद लिहिली जाते. पुस्तक शाबूत, पण अनुक्रमणिका फाडलेली, अशी गत होते. एसएसडीवर फॉरमॅट मारला, तर ट्रिममुळे मजकूर परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. एवढा विध्वंसक पर्याय सगळ्यात सोपा ठेवणे हा रचनेचा दोष आहे आणि तो कंपनीनेच सुधारायला हवा.

तोवर जबाबदारी विंडोज बसवून देणाऱ्याची. टिळक रस्त्यावरचा दुकानदार असो वा घरी येणारा तंत्रज्ञ, त्याने इन्स्टॉलेशनपूर्वी दुसऱ्या डिस्कची केबल काढलीच पाहिजे. सेटअपमध्ये सगळ्या डिस्क ‘ड्राइव्ह ०’, ‘ड्राइव्ह १’ अशा एकाच यादीत येतात आणि चुकीची ओळ निवडायला क्षण पुरतो. शिवाय दोन्ही जोडलेल्या असल्या, तर बूटच्या फायली कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसतात. ग्राहकानेही पावतीवर लिहून घ्यावे: यंत्रात डिस्क किती, कोणत्या क्षमतेच्या, आणि हात कोणत्या एकीलाच लावायचा.