जखमेचा फोटो कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये?

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम भरतेय की चिघळतेय, हे पाहण्यासाठी फोटो उपयोगी पडतोच. शेजारी मोजपट्टी ठेवली की जखम किती आकसली, तेही कळतं. पण पुढे तो जातो कुठे? ड्रेसिंग करणाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलमधून व्हॉट्सॲप ग्रुपवर, कधी थेट 'आधी आणि नंतर'च्या जाहिरातीत.

डॉक्टरांसाठीची २००२ची आचारसंहिता म्हणते, ओळख पटेल असा फोटो रुग्णाच्या परवानगीशिवाय नियतकालिकात छापू नये. ओळख पटणार नसेल तर संमती लागत नाही. नियम लिहिला तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतंच. आज ही सवलत धोक्याची आहे. चेहरा नसला तरी जोडवं, गोंदण किंवा कापलेलं बोट पाहून गावातली माणसं बरोबर ओळखतात. शिवाय ही संहिता नोंदणीकृत डॉक्टरांपुरती. घरी येऊन ड्रेसिंग करणारा अटेंडंट तिच्या कक्षेत येत नाही.

उपचारासाठी दिलेली संमती जाहिरातीला चालत नाही. त्यासाठी वेगळं विचारायला हवं, तेही रुग्ण वेदनेनं कळवळत असताना नव्हे. घरच्यांनीही विचारावं: फोटो कोणाला पाठवणार, कधी डिलीट करणार? नकार दिला म्हणून ड्रेसिंग अडवणं गैरच.